सगळ्यांत आखूड जोडणी

वडिलांचं, आबांचं, तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा गावी, पासलीला, आमच्या भातखाचराशेजारी राब रचत होता. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, म्हणून शेण आणि पालापाचोळ्याचा थर. मी पाल्याच्या टोपल्या देत होते. मध्येच तो म्हणाला, "तुझं काम चुका हुडकायचंच ना गं? मग आबांचं कसं न्हाई हुडकलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता.

क्वांटम संगणकातले कण थेट तपासता येत नाहीत. तपासले की त्यांतली माहितीच मोडते. म्हणून शेजारचे कण एकमेकांशी जुळतात का, एवढंच विचारायचं. जुळत नाहीत तिथं खूण उमटते. त्या खुणांवरून चूक कुठं झाली, ते ओळखण्याच्या पद्धती मी लिहिते. पुढची चूक येण्याआधी उत्तर हवं, सगळ्या शक्यता तपासायला वेळ नसतो. मग खुणा अशा जोडायच्या की जोडणी सगळ्यांत आखूड होईल. बहुतेकदा ती बरोबर निघते.

आबांना फोनवर थेट विचारलं की ते म्हणायचे, "बरा न्हाई तर काय, नाचून दावू?" म्हणून मी वहिनीला विचारायची. ती म्हणाली, भाकरी अर्धीच खातात. पुढच्या आठवड्यात म्हणाली, बांध चढताना थांबतात. भाकरी मी त्यांच्या दुखऱ्या दाढेशी जोडली, थांबणं गुडघ्याशी. दोन्ही दुखणी जुनी, ओळखीची. निघालं हृदय.

हे सगळं मी दादाला सांगितलं. मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत तो सांगू लागला.

"थंडीत येल्ह्याच्या बाजाराला गेलो हुतो. आबा येष्टी स्टँडवर मटकन बसले. एवढ्या गारठ्यात सदरा घामानं भिजलेला. म्हणाले, पोरीला सांगू नगं, काम टाकून पळत यील. म्या न्हाई सांगितलं."

मी हातातली टोपली खाली ठेवली.

"सांगितलं असतं तर?" त्यानं विचारलं.

मी तिन्ही खुणा मनात मांडल्या. दाढ आणि गुडघा दोन्ही आपोआप बाजूला पडले, उरलं हृदय.

"तरी मला गुडघाच वाटला असता, दादा."

"खरं?"

"खरंच."

तो रचलेल्या पाल्यावरच बसला. चौदा दिवसांत त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.