सवारीच्या दिवशी पाणी कोण देतं

धाकट्या बहिणीची उजवी बाजू लकव्याने गेली. तिला कुठे ठेवायचं हे तिच्या मुलाने बेंगलोरला बसून ठरवूनही टाकलं होतं. इथे उज्जैनात, नानाखेड्याच्या पुढे म्हाताऱ्यांसाठी एक नवी वसाहत झाली आहे, तिचे फोटो त्याने इथे आल्यावर आईच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरून दाखवले. बाग, झोपाळा, फुलांचे ताटवे. बहिणीचं बोलणं तेव्हा जड झालं होतं, पण समजत होतं. ती म्हणाली, ताईला बघून येऊ दे, ती हो म्हणाली तर जाईन. म्हणजे जाऊन बघायचं आणि हो म्हणायचं, एवढंच माझं काम होतं.

मी तिला माझ्याकडे आणणार नव्हते. माझं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, माधव नगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती पडली तर उचलताना मीही पडेन. सख्खी बहीण असून ठेवून घेत नाही, असं चार जणी बोलल्या. त्यांच्यातली एकही तिची कूस बदलायला आली नाही, म्हणून त्यांना उत्तर द्यायची मला गरज वाटली नाही.

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. त्यानंतर जे शिकले ते सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वार्डात आया म्हणून एकतीस वर्षं राबून. म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं की त्याला काय लागतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

पहिल्यांदा भाच्याबरोबर गेले. मॅनेजर टाय लावलेला, वाक्यागणिक अम्माजी म्हणणारा. त्याने योगाचा हॉल दाखवला, मंदिर दाखवलं, छापलेला जेवणाचा तक्ता दाखवला. मी विचारलं, एका पलंगामागे चादरी किती? त्याने कपडे धुण्याचं मशीन दाखवलं. मी विचारलं, रात्री कामाला मुली किती असतात? त्याने भिंतीवरचे कॅमेरे दाखवले. भाचा खूश होता. मी नव्हते. आमच्या वार्डात साहेबाचा मुआयना म्हणजे तपासणी असली की कपाटातली नवी लाल कांबळी बाहेर निघायची आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर गेली की परत कपाटात जायची. पाहुण्याला दाखवलेलं घर खरं नसतं.

मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगते.

"मावशी, आता अजून काय बघायचं राहिलंय?"

"सोमवार," मी म्हटलं.

तो बेंगलोरचा झालेला, त्याला कळलं नाही. उज्जैनात सावन-भादव्याच्या सोमवारी महाकालची सवारी निघते. इकडच्यांचा सावन आधी लागतो, आपला मराठी श्रावण पंधरा दिवसांनी, सवारी दोन्ही धरून निघते, त्यामुळे असे सोमवार बरेच येतात. दुपारी चारला पालखी निघायची असली तरी शहर दोनलाच कामावरून उठतं. रस्ते बंद, बाजार बंद, आणि कोणाला अडवायची सोय नाही, कारण देवाच्या दर्शनाला जाऊ नको असं कोण म्हणणार?

वार्डातही हेच व्हायचं. सवारीच्या सोमवारी आम्ही आया सकाळच्या चहानंतर बायकांना पाणी देणं बंद करायचो. पाणी पोटात गेलं नाही की चादर भिजत नाही. वर लंगोटासारख्या कपड्याच्या दुहेरी घड्या लावायच्या आणि निघायचं. मीही लावल्या आहेत. एका वर्षी एका म्हातारीने दुपारी एकला माझ्याकडे पाणी मागितलं. मी सांगितलं, डॉक्टरांनी मना केलंय. डॉक्टरांनी काहीही मना केलं नव्हतं. मी नवी साडी नेसून गोपाळ मंदिराशी उभी राहिले, पालखीवर फुलं टाकली आणि संध्याकाळी परत आले. ती म्हातारी त्यानंतर दवाखान्यातून सुट्टी होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिने.

तर सोमवारी चारला मी एकटी ऑटोने त्या वसाहतीत गेले. गार्ड म्हणाला, भेटायची वेळ पाचनंतर. मी म्हटलं, तुमच्या मंदिरात दर्शन घ्यायचंय. आमच्या गावात देवाचं नाव काढलं की फाटक उघडतं.

हॉलमध्ये दहा-बारा जणांना व्हीलचेअरमध्ये टीव्हीसमोर ओळीने लावलं होतं. टीव्हीवर सवारी चालू, आवाज मोठा. कोपऱ्यात एक मुलगी मोबाइल बघत बसलेली. बाकी कोणी नाही. खिडकीपाशी एक बाई होत्या, गोऱ्या, ताठ, ओठांना भेगा पडलेल्या. मराठीच निघाल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या म्हणे. पाण्याचा जग वरच्या फळीवर ठेवलेला, तिथे त्यांचा हात सात जन्मांत पोचला नसता. मी पेला भरून दिला. त्या दोन पेले थांबल्याशिवाय प्यायल्या आणि तिसरा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"सोमवारी आम्ही सगळे उपास करतो," त्या म्हणाल्या. "पाण्याचासुद्धा."

मी विचारलं, बाकीचे दिवस? बाकीचे दिवस बरं आहे हो, त्या म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या. भाजीला चव असते, डॉक्टर येतो, बाग खरीच आहे.

मुलगी धावत आली. "अम्मा, पानी मत दो। अभी कोई बदलनेवाला नहीं है।"

मी त्या बाईंना विचारून त्यांच्या साडीची कड उचलली. एकावर एक दोन डायपर. मुलगी म्हणाली, अकराला घातलेत, सगळे सवारीला गेलेत, मी नवी म्हणून मला ठेवलंय, आठ वाजेपर्यंत येतील. मला तिच्यावर ओरडता आलं असतं. पण जी युक्ती मी स्वतः केली तीच तिला वरच्यांनी शिकवली होती. मी तिला एवढंच सांगितलं की सगळ्यांना अर्धा पेला पाणी दे, चादरी भिजल्या तर भिजू देत. तिने दिलं की नाही, माहीत नाही.

देवास गेटजवळच्या गल्लीत एका रिटायर्ड नर्सने तीन खोल्यांत नऊ पलंग टाकले आहेत, असं ऐकलं होतं. त्याच पावली तिकडे निघाले. गर्दीमुळे ऑटोवाल्याने अलीकडेच उतरवलं. पोचेपर्यंत साडेपाच झाले. दारातच फिनेल आणि लघवीचा वास. आत ती नर्स, जाडजूड, मोठ्या आवाजाची, दोन मुलींशी भांडत होती. मुलींना सवारीला जायचं होतं.

"महाकाल को मैं समझा दूँगी," ती म्हणत होती. "तुम पहले चार नंबर को पलटो।"

मी म्हटलं, बघायचंय. ती म्हणाली, बघा, मला वेळ नाही. मी एकेका पलंगापाशी गेले. दोन चादरी ओल्या होत्या आणि दोन्ही माझ्यासमोर निघाल्या. सात नंबरच्या पाठीला जखम होती. घरच्यांनी तिला तशा अवस्थेत आणून टाकलं होतं, जखम आता भरत आली होती. नर्सने ती स्वतः उघडून दाखवली. एका म्हाताऱ्याला ती नवाब म्हणून हाक मारत होती आणि तो तिला शिव्या देत होता. खिडकी उघडली तर समोर दुकानाची भिंत. पण प्रत्येक पलंगाच्या दांड्याला दोरीने बाटली बांधलेली, बाटलीत नळी, आणि ज्याचा जो हात चालतो त्या बाजूला. एवढं एक करायला अक्कल लागते. मशीन लागत नाही.

भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, एका दिवसावरून तू एवढ्या चांगल्या जागेला नाव ठेवतेस. मी म्हटलं, सवारी झाली की दिवाळी येईल, मग लग्नसराई, मग होळी, आणि तुझी आई तहान लागली हे ओरडूनही सांगू शकत नाही. त्याने मॅनेजरला तक्रार केली. मॅनेजरने लगेच माफी मागितली आणि पुढच्या सोमवारी सगळा स्टाफ हजर राहील असं लिहून दिलं. मी म्हटलं, कागदाने ओठ भिजत नाहीत. त्या गल्लीत आईला ठेवलं तर लोक काय म्हणतील, असं तो दोनदा म्हणाला. लोकांना तिथे राहायचं नाही, मी म्हटलं.

खरी अडचण बहिणीची होती. तिला बाग हवी होती.

"मला झाडं दिसली असती," ती म्हणाली.

"दिसली असती."

"मग?"

"मग माझं उत्तर नाही असं आहे. माझ्यावर सोपवलं होतंस ना?"

ती मला म्हणाली की तुला लहानपणापासून माझं चांगलं बघवत नाही. त्यातलं थोडं खरंही असेल. शुक्रवारी भाच्याने येऊन तिला देवास गेटच्या जागी नेलं, तीन नंबरच्या पलंगावर. मी भेटायला गेले की ती भिंतीकडे तोंड करायची. मी अर्धा तास बसून परत यायचे.

तिला तिथे नेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी नर्सचा फोन आला. तिच्याकडे कामाला असलेल्या दोघींपैकी एक म्हणत होती, आज सवारीला सोडलं नाही तर उद्यापासून येणार नाही. "आप तो आया रही हो," नर्स म्हणाली. "दो घंटे आ जाओ।" विनंती नव्हती ती, हुकूम होता. मी तिला म्हटलं, माझे गुडघे चालत नाहीत. ती म्हणाली, हात चालतात ना?

गेले. स्टुलावर बसून काम केलं, एका पलंगापासून दुसऱ्या पलंगापर्यंत स्टूल ओढत. पोरगी उचलायची, मी खालून चादर ओढायचे. नवाबाने मलाही शिव्या दिल्या. तीन नंबरला पोचले तेव्हा पोरगी पलीकडच्या खोलीत गेली होती. चादर ओली होती. बहिणीने माझ्या हातातला पाण्याचा टब पाहिला.

"तुझा हात जड आहे," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या पोरीचा हलका आहे."

"ती सवारीला गेलीय. सहाला येईल. तोवर ओली पड."

मी टब खाली ठेवला आणि वाट बघत बसले, मला कुठे जायचं नव्हतं. मग तिने डावा हात उचलला, माझ्या मानेभोवती टाकला, आणि कूस बदलायला जेवढा जोर लागतो तेवढा लावला.