सुमीची जागा

काल भाचीने घुंगरू बांधले आणि त्या चामड्याच्या वासासरशी अकोल्यातला आमचा नाचाचा क्लास आठवला. नाचगाणं शिकणाऱ्या पोरापोरींचा एक सिनेमा पाहून आम्ही त्यातला नाच बसवला होता. मधली जागा सुमीची. त्या साली बोंडअळीने सुमीच्या घरची कपाशी खाल्ली आणि दहावीतच तिचं लग्न ठरलं. "माह्या जागेवर तू उभी राहजो, ठेका चुकू नोको," म्हणत तिने मला आपले घुंगरू दिले.

बाळापूरच्या सामूहिक विवाहात सुमीचंही लग्न होतं. तिथे आम्ही तोच नाच केला. समोर एकसारख्या पिवळ्या साड्यांतल्या, तोंडावर पदर घेतलेल्या नवऱ्या बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचे पाय आमच्यासोबत ठेका धरत होते. शेजारच्या सासूने तिचा गुडघा दाबला. पाय थांबले.

मी नाचत राहिले. एकही ठेका चुकला नाही आणि तेव्हा मला त्याचाच अभिमान वाटला.