न थांबणारं कपाट

फोन आला तेव्हा मी गोदामाच्या वजनकाट्यावरच्या नोंदी बघत होते. भाद्रपदातली दुपार, वारा पडलेला, आवारात हमाल हळदीची पोती ट्रकमध्ये चढवत होते. फोनवर मिलिंदभाऊंच्या घरच्या सुनंदावहिनी होत्या. "वर्षाताई, हे गेले हो..." एवढंच बोलल्या आणि मग नुसता दवाखान्यातला गलबला ऐकू येत राहिला. मी फोन कानाला धरून बसले होते आणि समोरच्या पडद्यावर नोंदी सरकत होत्या. गाडी रिकामी, गाडी भरलेली, निव्वळ वजन. पुढची गाडी. मला त्या पडद्याचा असा संताप आला म्हणून सांगू! ज्या माणसानं तुला उभं केलं तो गेला, आणि तुला त्याचा पत्तासुद्धा नाही. एकदा तरी अडखळायचं होतंस मेल्या. पण ते अडखळणार नव्हतं. ते अडखळू नये म्हणूनच तर त्या माणसानं हाडाची काडं केली होती.

मिलिंदभाऊ आमच्या गोदामाचे कॉम्प्युटरवाले. हिंगोलीच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला आमच्या कंपनीची गोदामं आहेत. शेतकरी सोयाबीन, हळद आणून ठेवतात आणि मनासारखा भाव आला की काढतात. कुणाचा माल कुठल्या थप्पीत, किती वजनाचा, हे सगळं सर्व्हरवर. मी नोकरीला लागले तेव्हा तिथं एकच कॉम्प्युटर होता आणि तो रुसला की गाड्यांची रांग रस्त्यावर जायची. मग मिलिंदभाऊ आले. मूळचे डोंगरकड्याचे, हैदराबादला शिकून, काम करून परत आलेले. त्यांनी मालकांना पटवलं आणि एका टेम्पोतून सर्व्हरचं ते काळं कपाट आणलं. त्यात वीज आत घेणारे दोन डबे, हुकूम सोडणारे दोन मेंदू, आणि समोर खणाखणांत बसवलेल्या डिस्का, जोडीजोडीनं. जे काही लिहायचं ते जोडीतल्या दोघींवर लिहायचं. एक गेली तर दुसरी काम करत राहते, आणि गेलेली डिस्क चालू कपाटातूनच ओढून तिथं नवी सरकवायची. काही बंद करावं लागत नाही.

एकदा गोरेगावचे एक काका पावतीसाठी थांबले होते, त्यांना मिलिंदभाऊ हे समजावत होते. "काका, तुमच्या घराला चाव्या किती?" काका म्हणाले, "दोन. एक मपल्याजवळ, एक म्हातारीजवळ." "बस, आमचंबी तसंच हाय." काकांनी जरा विचार केला. म्हणाले, "आन् म्हातारीची चावी हरवली आन् तिनं मला सांगितलंच न्हाई, तर?" मिलिंदभाऊ हसून म्हणाले, "काका, म्या त्येच्यालाच भिऊन राहतो."

ती कपाटाची खोली हीच माझ्या मनातली मिलिंदभाऊंची जागा. बाहेर ऊन भाजून काढत असायचं, धूळ, पोत्यांचा वास, हमालांची ओरड... आणि ते दार लोटलं की एकदम गारवा आणि पंख्यांची ती एकसुरी घरघर. विहिरीच्या तळाशी बसून वरचं जग ऐकावं तसं वाटायचं. डिस्कांवरचे हिरवे दिवे कुणीतरी सावकाश श्वास घ्यावा तसे लुकलुकायचे. जेवणानंतर मी तिथं हिशेब जुळवायच्या नावाखाली जाऊन बसायचे आणि हमखास पेंगायचे. डोळे मिटले की कुठल्या दिवाळीच्या आधीची दुपार, कुठल्या उन्हाळ्यातली, काही वेगळं राहायचं नाही. अर्धवट झोपेत त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. ते मला कधी उठवायचे नाहीत, बाहेर जाऊन मात्र सांगायचे, "वर्षाताई बॅकअप घेऊन राहिल्या, आत जाऊ नका."

खंडेनवमीला आमच्याकडं काट्यापासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मिलिंदभाऊंचं घर बौद्ध. ते हळदकुंकू काही करायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा स्वतःचा एक रिवाज होता. सगळ्यांची पूजा आटोपली की ते आम्हाला त्या खोलीत बोलवायचे आणि ऐन आवकेच्या गर्दीत, चालू कपाटातून एक चांगली डिस्क ओढून बाहेर काढायचे. मालक दरवर्षी म्हणायचे, "काहून हात लावता बाबा, चांगलं चालू हाय ना?" मिलिंदभाऊ म्हणायचे, "चालू हाय तवाच बघायचं. बंद पडल्यावर काय बघता?" खणावर नारिंगी दिवा लागायचा, बाहेर काटा चालूच असायचा, आणि मिलिंदभाऊ डिस्क हातात धरून लेकराचा पहिला नंबर आल्यासारखे हसायचे.

एका वर्षी मात्र फजिती झाली. मालकांच्या आत्याबाईंनी पहाटेच मोठ्या मायेनं कपाटाला झेंडूचा हार घातला होता, चांगला दोन पदरी. त्याच सकाळी एक डिस्क आपणहून मेली होती. तिचा नारिंगी दिवा नेमका झेंडूच्या आड गेला. तोच रंग, कुणाला कळणार? कपाट बारीक पीं-पीं करत होतं म्हणे, पण समोरच्या मंडळाचा भोंगा देवीची गाणी ओरडत होता. आणि मिलिंदभाऊंनी रिवाजाप्रमाणं ओढली ती नेमकी तिच्याच जोडीची डिस्क. सगळे पडदे जागच्या जागी गोठले. बाहेर काटेवाले दत्तराव ओरडले, "बंद पडलं हो!" सोयाबीनच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या. मालकांचा चेहरा पांढराफटक. मिलिंदभाऊंनी हार बाजूला केला, दुसरा नारिंगी दिवा बघितला, आणि म्हणाले, "चहा सांगा."

मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. पण ते खरंच खुर्चीवर बसले, हातातली डिस्क मांडीवर ठेवली आणि सावकाश चहा प्यायले. "घाबरल्या हातानं कपाट उघडलं की जे वाचलंय तेबी जातं," असं म्हणाले. कप खाली ठेवला, हात पुसले आणि तीच डिस्क त्याच खणात परत बसवली. मग कपाटाशी बराच वेळ काही टाइप करत राहिले... आणि पडदे पुन्हा सरकू लागले. एक नोंद हलली नव्हती. आत्याबाई दारात रडवेल्या उभ्या होत्या. त्यांना मिलिंदभाऊ म्हणाले, "आत्या, हार पुढच्या सालीबी आणा. फकस्त दाराला बांधू." त्यानंतर त्यांनी कपाटात एक राखीव डिस्क कायमची बसवून घेतली. ती रिकामीच फिरत असते. कुणी गेलं की आपणहून त्याची जागा घेते.

गेल्या वर्षी त्यांची किडनी बिघडली. डायलिसिसहून आले की त्या खोलीत टेकायचे आणि मला एकेक गोष्ट करायला लावायचे. मी चिडायचे. एका दुपारी, दोघंही अर्धवट डुलक्या घेत असताना, मी सरळ विचारलं, "तुमी नसल्यावर काय होईल हो इथं?" ते दिव्यांकडं बघत म्हणाले, "काहीच व्हायला न्हाई पायजे ताई. कुणाला कळलंबी न्हाई पायजे, तर काम बराबर झालं." मी म्हटलं, "वा! म्हणजे माणूस जायचा आन् कुणाला खबरच न्हाई? मला न्हाई पटत." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

पण झालं त्यांच्या मनासारखंच. त्यांच्या पुण्यानुमोदनाला डोंगरकड्याला जाऊन आले, तर दुसऱ्या दिवशी कपाटानं आपणहून पाठवलेला मेल दिसला, आदल्या आठवड्यात एक डिस्क गेली होती आणि राखीव डिस्कनं तिची जागा घेतली होती. कुणालाही कळलं नव्हतं. मी त्या गार खोलीत एकटी बसून पोटभर रडले.

मग खंडेनवमी आली. मालक म्हणाले, "ह्या साली राहू द्या. मिलिंद न्हाई, कशाला हात लावता?" मी म्हटलं, "लावणार." हार दाराला बांधला. मी सगळे दिवे दोनदा बघितले, तळहाताचा घाम पदराला पुसला आणि खणाची कळ दाबून डिस्क ओढली. नारिंगी दिवा लागला. पडद्यावर नोंदी सरकतच होत्या. मालकांनी श्वास सोडला, टाळ्या वाजल्या, पेढे आले. आणि मला त्या टाळ्या सहन होईनात. सगळं बराबर झालं होतं, म्हणजे तो माणूस पूर्ण गेला होता.

मी बाहेर काट्यावर आले. "दत्तराव, काटा थांबवा."

"काहून? बंद पडलं?"

"न्हाई. मी थांबवून राहिले."

दत्तरावांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात आवरला. काट्यावर सोयाबीननं भरलेला ट्रॅक्टर होता. वरून एक तरुण शेतकरी वाकला, "ताई, काहून थांबलं?"

"आमचं माणूस गेलं," मी म्हटलं. "हे सगळं त्यांनी उभं केलं होतं. एक घडीभर थांबा."

त्यानं नाव विचारलं नाही. ट्रॅक्टर धडधडत होता, तो त्यानं बंद केला. त्याचं बघून मागच्यानं बंद केला, मग त्याच्या मागच्यानं. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, पुढच्यानं वळून सांगितलं. असं करत करत एकेक इंजिन विझत गेलं, फाटकापर्यंत, मग फाटकाबाहेर, रस्त्यावर उभ्या शेवटच्या गाडीपर्यंत.