राणीच्या रुपयावरची खाच

"धक्का हाये," असं आमच्या नर्सबाई म्हणाल्या की समजावं, आजही काही मिळालं नाही. नाणं कडेनं धरायचं, खिडकीच्या उजेडात तिरपं करायचं, भिंग लावायचं आणि श्वास रोखायचा. मग एखाद्या नातेवाइकाची तब्येत सांगावी तसं हळू म्हणायचं, "धक्का हाये, कंपाउंडरभाऊ."

मी मुकुटबनकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. नवे पैसे नुकतेच बाजारात आले होते आणि लोक गाडग्यांतले जुने आणे उकरून काढत होते. बाई नागपूरच्या. शिकत असताना त्या जुन्या नाण्यांच्या एका दुकानावरच्या माडीवर भाड्यानं राहत. हे वेड तिथलंच. टाकसाळीच्या ठशातच चुकून दुहेरी अक्षरं कोरली गेलेला राणीचा रुपया त्यांना एकदा पाहायचा होता. पाहायचा, आणि जमलं तर जवळ ठेवायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं सगळं मागणं एवढ्याशा जागेत मावतं.

दुहेरी अक्षरं मला तर दर दोन नाण्यांआड दिसत. मी मोठ्या उत्साहानं दाखवायला जाई आणि बाई हसत.

"मारताना ठसा हलला का धातू सरकते. त्याची चपटी पायरी पडते. थे अक्षर नाही, नुसतं फरफटणं हाये. त्यालेच धक्का म्हनते. खरं दुहेरी ठशातच असते. दोन्ही अक्षरं सारखी भरलेली, गोल. अन अक्षराच्या टोकाशी दोघाइच्या मधात खाच."

मी मान हलवी. डॉक्टरांसमोर मान हलवून हलवून मला ती सवयच लागली होती.

आमच्याकडे तेव्हा बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असत. बाई गरोदर बाईचं पोट तपासत, नाडी पाहत, आणि मग भिंग काढून माळ पाहत. त्यावरून मुलगा की मुलगी हे बाईंना रुपयात दिसतं, अशी बातमी झरीच्या बाजारापर्यंत गेली. मग बाया माळा राखेनं लख्ख घासून येऊ लागल्या. बाई कपाळाला हात लावत. "घासू नका ना माय, घासल्यानं रानीचं तोंड जाते." पण माळ पाहायचं काही सोडत नसत.

कापूस वेचणीचे दिवस होते. जवळच्या गावात एका कास्तकाराच्या सुनेला सातवा सरत आला होता, म्हणून आम्ही दमणीतून निघालो. बैल आपल्या मनानं चालत होते आणि ऊन डोळ्यांवर झापड आणत होतं. त्या घरात ओसरीपासून माजघरापर्यंत कापूसच कापूस होता. बोललेलं सगळं त्यात मुरून जाई. सुनेच्या गळ्यातल्या माळेत मधली जागा रिकामी होती. बाईंनी सहज विचारलं.

"थो खोटा निघाला," सासू म्हणाली. "सोनारानं सांगतलं, दोन दोन अक्षरं हायेत, घरी पाडला असंन. हिच्या बापानं लग्नात खोटा रुपया ओवून देल्ला."

सुनेनं मान वर केली नाही. तो आळ आल्यापासून तिचा बाप या घराची पायरी चढला नव्हता, आणि पहिलं बाळंतपण असून तिला माहेरी धाडायचं कोणी नाव काढत नव्हतं.

सासूनं ज्वारीच्या कोठीतून रुपया काढून दिला. बाई तो घेऊन दारात गेल्या. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि बाई त्यांच्यात कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या 'धक्का' म्हणेनात तेव्हा मीही उठून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"ठेवा तुमीच, नर्सबाई," सासू म्हणाली. "तुमाले नाद हाये. आमच्या काय कामाचा?"

बाईंची मूठ मिटली. मी ती मिटताना पाहिली. गप्प राहिल्या असत्या तर रुपया त्यांचा होता.

मग त्यांनी मूठ उघडली. "खरा हाये," त्या म्हणाल्या.

त्यांनी सासूला जवळ बसवलं आणि हातात सुई दिली. "इथं लावा. टोक अडकते का? थे खाच हाये. टाकसाळीतला ठसाच असा होता." मग रुपया बोटाच्या टोकावर तोलून माळेतल्या दुसऱ्या रुपयानं हलकेच टिचकावला. त्या मऊ घरात तो नाद बराच वेळ राहिला. "चांदी बी खरी हाये. हिच्या बापानं खोटं काही नाही देल्लं."

सासूनं सुई पुन्हा पुन्हा लावून पाहिली. म्हातारी सरळ मनाची होती. "मंग आमीच खोटं बोललो म्हना," ती म्हणाली आणि लेकाला हाक मारून व्याह्याकडे निरोप धाडला. सुनेला न्यायला यावं, असा.

परतताना बाई दमणीत मागं पाय सोडून बसल्या होत्या. गाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "लय वाईट वाटून राह्यलं, भाऊ."

"मग मागायचा होता. सुनेनं आनंदानं दिला असता."

"देल्ला असता. म्हनूनच नाही मांगतला. तिच्या बापाले थो तिच्या गळ्यात दिसू दे."

पुढं ती सून लेकराला घेऊन दवाखान्यात येई तेव्हा स्वतःच पदराखालून रुपया काढून बाईंपुढं वाकायची. बाई पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं निरखून पाहत आणि म्हणत, "खरा हाये." दोघी हसत. औषधाचं मग निघे.

बाईंची बदली फुलसावंगीकडे झाली. तिथं त्या तापानं गेल्या. आम्हाला ते उशिरा कळलं. मी मिक्स्चर ढवळत होतो, तिथंच रडलो. कंपाउंडर रडतो म्हणजे औषधात काहीतरी असणार, अशा नजरेनं रोगी बाटलीकडे पाहू लागले.

नंतर ती सून आली. मी तिला सांगितलं. ती बाकावर बसून राहिली, लेकरू तिचा पदर ओढत होतं. मग उठून माझ्या टेबलाशी आली, माळ पुढं काढली आणि वाकली.

"बाई म्हनत थे म्हना ना, भाऊ."

मला त्या रुपयात राणीच्या नाकापलीकडं कधी काही दिसलं नव्हतं. मी तो हातात घेतला. तिच्या अंगाच्या उबेनं तो कोमट होता.

"खरा हाये," मी म्हणालो.