बारा विषयांना एकच पुस्तक

पितांबर आबांच्या नावापुढे मी टिकल्या लावत गेले, म्हणून मला लोकांनी काय काय ऐकवलं. रूपा वशिला चालवते, रूपाला नियम फक्त आमच्यासाठी आठवतात. ऐकवा म्हटलं! माझं तोंडही काही बांधलेलं नाही, अख्ख्या साक्रीला ठाऊक आहे. पण ज्यांनी आबांच्या बायकोला, भागा अक्काला, त्या वर्षात काउंटरवर भांडताना बघितलं नाही, त्यांनी मला नियम शिकवायला येऊ नये.

मी इथल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या सचिवांनी, नीलेश सरांनी, वाचनाचं आव्हान काढलं. सर शाळेत मराठी शिकवतात. भारी उत्साही माणूस, मोबाइलवर काही बघितलं की आठवड्यात ते आमच्या गळ्यात. तर दर महिन्याला फळ्यावर एक विषय लागणार. त्यात बसेल असं पुस्तक आपण निवडायचं, वाचायचं आणि ते कसं बसतं ते काउंटरवर येऊन सांगायचं. पटलं की मी बोर्डावर तुमच्या नावापुढे टिकली लावणार. टिकली म्हणजे खरीच, कपाळाची, लाल. सरांना चांदण्या हव्या होत्या, पण त्या आणायला धुळ्याला कोण जातंय?

पितांबर आबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. आमच्या वाचनालयाचा सगळ्यात जुना सभासद. खांबावर काम असायचं तेव्हाही खाली डब्याच्या पिशवीत पुस्तक असायचंच. त्यांचे वडील गावात दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहून पेपर ऐकायचे, वर चढायची परवानगी नव्हती. म्हणून आबा वाचनालयात यायचे तेव्हा खुर्ची ओढून, पंख्याखाली, ऐटीत बसायचे. "आमच्या बापानं उभ्यानं ऐकलं, मी बसून वाचणार," असं मला कितीदा तरी म्हणाले असतील. बुद्धपौर्णिमेला विहारात वाचायला आबाच लागायचे.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, चावी, गॅस, हे सगळ्यांचंच होतं. पुढे गल्लीतली माणसं, मग पुण्याच्या प्रशीलची, म्हणजे त्यांच्या मुलाची, मुलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, हे आता उतरतच जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश उतरेल. नवीन पुस्तक घेतलं की आबा दोन पानं वाचायचे, तिसऱ्या पानावर "हा कोण आला मधेच?" म्हणून परत पहिल्यावर यायचे. असं तीन-चारदा झालं की भडकायचे. छापणाऱ्याला शिव्या देत, पानं चुकवली म्हणत, पुस्तक आपटायचे. ज्या माणसानं आयुष्यात पुस्तकाचा कान दुमडला नाही, त्याच्या हातून असं व्हावं! मला बघवायचं नाही.

एकच पुस्तक टिकलं. त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही शोधाल, वाचाल आणि म्हणाल, यात काय एवढं? जुनी कादंबरी आहे, आबांच्या घरचीच. एक सरकारी मोजणीदार बैलगाडीनं नदी ओलांडून एका गावात जमीन मोजायला जातो, तिथली एक विधवा बाई त्याला जेवायला घालते, आणि मोजणी संपल्यावर तो निघून जातो. बस. पण लग्न होऊन भागा अक्का आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती, पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची पोर. आबांनी तिला याच पुस्तकावर वाचायला शिकवलं. 'मोजणीदार' या शब्दाला ती आठ दिवस अडली होती म्हणे. अजून सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. या पुस्तकातली माणसं आबांच्या आत आधीपासूनच राहायला होती, त्यामुळे तिसऱ्या पानावर परकं कोणी यायचं नाही. पुस्तक हातात दिलं की उघडायच्या आधीच, कुठेतरी खिडकीबाहेर बघत, आबा पहिली ओळ म्हणायचे. "नदी ओलांडायची होती आणि गाडीवानाचा पत्ता नव्हता." मग उघडून वाचत बसायचे, दुपारपर्यंत.

जानेवारीचा विषय होता पाणी. अक्का आबांना हाताला धरून घेऊन आली, पुस्तक ठेवलं, नदी दाखवली. मी टिकली लावली. आबा बोर्डासमोर उभं राहून आपलं नाव वाचून आले, परत गेले, परत वाचून आले. अक्काचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

फेब्रुवारीचा विषय, बाई मुख्य असलेलं पुस्तक. आणि ही माझी माय परत तेच पुस्तक घेऊन हजर!

"अक्का, हे झालं ना गेल्या महिन्यात."

"ह्या पुस्तकमा बाई शे का नही?"

"आहे, पण मुख्य तो मोजणीदार आहे."

"ती जेवू नही घालती तर तो मोजणीदार भुक्या मरता. मंग मुख्य कोण?"

"अगं पण तेच पुस्तक दोनदा कसं चालेल?"

"चालाव नही असं कोठे लिखेल शे? दाखाड माले."

नव्हतंच लिहिलेलं. एकच पुस्तक घेऊन कोणी वर्षभर येईल, हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फळ्यावरचे नियम वरून खाली वाचले, अक्काही माझ्याबरोबर बोट ठेवून वाचत होती. शेवटी लावली टिकली. काय करता?

त्यानंतर दर महिन्याला हीच कटकट. प्रवासाच्या महिन्यात बैलगाडी पुढे केली. विज्ञानाच्या महिन्यात मी म्हटलं, आता काय करशील? तर म्हणते, साखळी टाकून जमीन मोजतो, हे गणित नाही तर काय भजन आहे का? मला हसू आवरेना. घरी बसून ही बाई पुस्तक परत परत चाळत असणार, कुठलं पान कुठल्या विषयाला लावता येईल ते बघत. पुस्तकं निवडणारे बाकीचे सगळे विषय बघून कपाटाकडे जायचे. हिला कपाट नव्हतंच. हिला एका पुस्तकात बारा पुस्तकं शोधायची होती.

विनोदाच्या महिन्यात मात्र मी अडून बसले. त्या कादंबरीत कोणी खोकतसुद्धा नाही, विनोद कुठला? अक्का शांतपणे म्हणाली, "गाडी चिखलमा फसस ना, तठे प्रशीलना बाप हासना. काल हासना. दिवाळीपासून पहिल्यांदा." मला दोन टिकल्या लावाव्याशा वाटल्या.

तोवर कुजबुज सुरू झाली होती. डिंपल नावाची एक कॉलेजची मुलगी मोठी मोठी पुस्तकं वाचून टिकल्या मिळवत होती, तिच्या आईनं सरांकडे तक्रार केली. सर मला म्हणाले, "रूपाताई, आपण सहानुभूती म्हणून देतोय का टिकल्या?" मी म्हटलं, "सर, ते पुस्तक त्या विषयात कसं बसतं हे ज्या तळमळीनं अक्का सांगते, तसं एकानं तरी सांगावं, मग बोला." सरांनी मान डोलावली. चांगला माणूस आहे, फक्त हिशोबी आहे.

सप्टेंबरचा विषय होता भीती. भुताखेतांची सगळी पुस्तकं दोन दिवसांत गेली. अक्का एकटीच आली. आबा बाहेर पायरीवर बसले होते. मी नेहमीसारखं चिडवलं, "काय गं, मोजणीदाराला भूत भेटलं का?" ती हसली नाही. काउंटरवर पुस्तकावर हात ठेवून उभी राहिली.

"रोज सकाळे पुस्तक त्यासना हातमा देस," ती म्हणाली. "पहिली ओळ तोंडे येस तोपर्यंत मन्हा जीव जागावर नही ऱ्हास."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कालदिन माले ओळखं नही. बाई, तुम्ही कोणाकडे येल शेतस, म्हने. चाली, म्हटलं. माले ईसरनात तरी चाली. पण हाई पुस्तक ईसरनात तर मंग काय उरनं, सांग बरं?"

तेव्हा मला कळलं, ही टिकल्यांसाठी भांडतच नव्हती. बायकोचा चेहरा पुसला जातोय हे तिनं गिळलं होतं. पण तिला शिकवलेलं ते पुस्तक, पाड्यावरच्या पोरीला मांडीशी बसवून वाचलेली ती पानं, ती आबांच्या डोक्यात जागी आहेत तोवर आपण तिथे कुठेतरी आहोत, एवढ्यावर ती दिवस काढत होती. बोर्डावर दर महिन्याला एक टिकली म्हणजे अजून आहेत, अजून आहेत. मी टिकली लावली आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरचा विषय सरांनी फळ्यावर लिहिला आणि माझं डोकं फिरलं. 'ज्याचं एकही पान आजवर वाचलेलं नाही असं पुस्तक.' मी सरांना झाडलंच. "दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला? मुद्दाम केलंत ना?" सर कावरेबावरे झाले. लोकांनी काहीतरी नवीन वाचावं एवढंच मनात होतं म्हणाले, आबांचं लक्षात आलं नाही, लगेच पुसतो. खडूचा हात तसाच वर धरून उभे.

पण तेवढ्यात आलेल्या अक्कानं पुसू दिलं नाही. फळा वाचला आणि काय सांगू, त्या वर्षात पहिल्यांदा ती मोकळी हसली. "आते नही बसस!" म्हणाली. "शंभर वेळा वाचेल शे त्यासनी. आते कोनी बसाडी दाखाडा!" हरल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. वर्षभर जे पुस्तक ओढूनताणून बसवलं, ते एकदाचं बसत नाही, आणि का बसत नाही तर आबांना ते पाठ आहे! ती म्हणाली, बाजाराच्या दिवशी येते, सगळ्यांसमोर सांगते, आम्हाला या महिन्याची टिकली नको.

बाजाराच्या दिवशी आली. आबांना पांढरा शर्ट घातलेला, केस विंचरलेले, स्वतः निळं लुगडं नेसलेली. आबांनी अंघोळीला खूप त्रास दिला, सकाळी पुस्तक हातात द्यायलाही सवड झाली नाही, असं दम खात मला सांगितलं. वाचनालय भरलेलं होतं. डिंपल आणि तिची आईही होत्या. अक्कानं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाई पुस्तक ह्या महिनामा बसाव नही. प्रशीलना बापले बठ्ठं पाठ शे. आमले टिकली नको." सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

टाळ्या ऐकून आबांनी इकडेतिकडे बघितलं. मग काउंटरवरचं पुस्तक उचललं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, अक्काही बघत होती. आता नदी ओलांडतील, आता गाडीवान शोधतील. आबांनी पुस्तक उलटंसुलटं केलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पहिलं पान उघडलं आणि ओठ हलवत सावकाश वाचायला लागले. एक ओळ वाचून वर बघितलं. चेहरा एकदम खुललेला.

"नवीन आलंय वाटतं," मला म्हणाले. "चांगलं दिसतंय. सुरुवात चांगली केलीय."

मग ते अक्काकडे वळले. घरात आबा अक्काशी जन्मात कधी शुद्ध बोलले नव्हते, आपल्या माणसाशी शुद्ध कोण बोलतं? आता साहेब लोकांशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, आपण वाचलंय का हे?"

अक्का उभी होती तशीच उभी. मग तिनंही त्याच भाषेत, एकेक शब्द जपून, उत्तर दिलं. "हो. वाचलं आहे."

"कसं आहे?"

"छान आहे. वाचा तुम्ही."

"शेवट मात्र सांगू नका हं," आबा हसून म्हणाले.

"नाही सांगणार," अक्का म्हणाली, आणि तिथेच काउंटरला धरून ती खाली बसली. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर यायचा तो आलाच. मी धावले, सरांनी पाणी आणलं. बोर्डाचं, टिकलीचं कोणाला भानही नव्हतं. डिंपलची आईच आधी रडायला लागली.

आबा गोंधळले. पुस्तक काखेत घेतलं, वाकून अक्काकडे बघितलं, आणि मग मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "या बाईंना घरी सोडायला कोणी आहे का? अशा अवस्थेत एकट्या कशा जातील?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या तोंडून!

"तुम्हीच सोडा ना आबा," मी कशीबशी म्हणाले. "तुमच्याच गल्लीत राहतात."

"हो का? मग सोडतो की," असं म्हणून आबांनी अक्काला हात दिला. तिनं तो धरला, आणि बाजारातल्या गर्दीतून, ओळख नसलेल्या बाईला जपून न्यावं तसं, ते तिला घरी घेऊन गेले.