थांब्यापुढचा गतिरोधक

माझ्या चहाच्या टपरीसमोरच्या बसथांब्यावर आज सर्व्हेवाल्या बाई टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात ते मोजायचं, मग संगणक रिकामे मार्ग बंद करणार. मागे असाच मार्ग वळवला आणि माझं पहिलं दुकान बुडालं. तो राग अजून गेलेला नाही.

आमच्या भाजी विकणाऱ्या बायका थांब्यावर उभ्या राहतच नाहीत. मळ्याची वाट पुढच्या गतिरोधकापाशी निघते, तिथं ड्रायव्हर गाडी थांबवून त्यांना घेतो.

"मॅडम, त्या बायका मोजा की!" मी ओरडलो.

"काका, त्या थांब्यावर नाहीत."

मग बायकांनाच हाका मारल्या. त्यांच्यातली पारूबाई हसली. "शेठ, तुमचा च्या खपावा म्हणून आम्ही पाट्या घेऊन मागं यायचं व्हय?"

बस आली, गतिरोधकापाशी बायकांना घेऊन गेली. सर्व्हेवाल्या बाईंनी शून्य टाकलं. माणसांनी एकमेकांसाठी लावून घेतलेल्या किती सवयी अशा मोजणीबाहेर राहत असतील, आणि एक दिवस गुपचूप बंद होत असतील!

पुढची बस आली तेव्हा मी टपरी तशीच टाकून थांब्यावरून चढलो. कुठंही जायचं नव्हतं. मागून बाईंचा आवाज आला, "एक."