जिभाऊंच्या पायाला मिरची झोंबत नसे

जिभाऊंच्या पायाला मिरची झोंबत नसे. नंदुरबारजवळच्या आमच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची उन्हात वाळवायच्या मैदानावर, ते मुकादम होते आणि मी वजनकाट्यावर. मालावर पायताण चालत नाही, फळ चुरगळते. म्हणून सगळे अनवाणी. संध्याकाळी बाया तळपायांना तेल चोळत विव्हळत. जिभाऊ मात्र पाय झटकून म्हणत, "मन्हा पायले मिरचीच घाबरस!" बाहेरगावचे व्यापारी आले की शेठ त्यांना मुद्दाम जिभाऊंचे पाय दाखवत. आम्हीही कौतुकाने पाहत असू. ज्या पायाला मिरची कळत नाही, त्याला काहीच कळत नसेल, हे कुणाच्याही मनात आले नाही. साखरेच्या आजाराने त्या पायांतली जाणीव केव्हाच मारली होती.

माणूस मात्र जागा होता. वाळत आलेली मिरची कानाशी धरून खुळखुळवत आणि सांगत, "आजून वल्ली शे." रेंगाळणाऱ्या बाईला हाक जाई, "मिरची लोळाव व बाई, तू नको लोळू!" ती उलट म्हणे, "जिभाऊ, तुम्हना पाय माले द्या, मंग देखा!" आणि सारी पथारी हसे.

तळव्यात खिळा घुसला तेव्हा त्यांना तो समजलाच नाही. घरच्यांना वासावरून कळले. साध्या मलमपट्टीने जखम महिनोन्‌महिने भरेना, तेव्हा मी त्यांना सुरतेला नेले. तिथे जखमेवर हवाबंद पट्टी लावून यंत्राने आतली घाण ओढून घेतली. मग त्यांचेच रक्त काढून, फिरवून, त्यातून केलेला दाट थर जखमेवर बसवला. जिभाऊ डॉक्टरांना म्हणाले, "मन्हंच रगत काढतस, मन्हाच पायले लावतस. मंग तुम्ही काय करतस?"

"मी तुम्हाला चालू देत नाही," डॉक्टर म्हणाले. "या नव्या उपचारांचा निम्मा गुण तळव्यावर भार न पडण्यात आहे." त्यांनी गुडघ्यापर्यंतचा, पट्ट्यांचा एक जाड बूट दिला. तो चढवल्याशिवाय जमिनीवर पाय टेकायचा नाही, अशी ताकीद होती. काही आठवड्यांत कडांवरून गुलाबी कातडी सरकू लागली. हातातल्या आरशात तळवा पाहून जिभाऊ मला म्हणाले, "देख भाऊ, कवळी पालवी फुटी ऱ्हायनी."

ऐन हंगामात आभाळ आले. शेठनी जीप पाठवली. नुसते खुर्चीवर बसून माणसे हाका, असा निरोप होता. जिभाऊ हरखून आले. पथारीच्या कडेला शेठ म्हणाले, "बूट बाहेर, जिभाऊ. मालावर पायताण नको."

"शेठ, ते पायताण नाही, औषध आहे," मी म्हणालो.

"मग औषध घरी घ्यावं."

जिभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी आणखी काही बोलेन म्हणून ते थोडे थांबले असावेत. मग त्यांनीच वाकून पट्ट्या सोडल्या. खुर्चीवर कोण बसतो! अंधार पडेपर्यंत ते ताडपत्र्या ओढत मिरचीवरून फिरले, आणि माल वाचला म्हणून लोकांनी त्यांची पाठ थोपटली.

मला आजही संताप येतो. शेठचा येतो, त्या पाठ थोपटणाऱ्या हातांचा येतो, आणि माझ्या हळू आवाजाचा सर्वांत जास्त येतो. त्याला मी आयुष्यभर सभ्यपणा समजत आलो. इतकी विद्या, इतकी यंत्रे एका पायासाठी राबली, आणि आम्ही मूठभर मिरची चुरगळू नये म्हणून तो पाय उघडा केला.

जखम फाटली, विष वर चढले, आणि सुरतेतच गुडघ्याखालून पाय कापावा लागला. शेठ शाल-नारळ घेऊन भेटीला आले. जिभाऊंनी हात पुढे केला नाही.

"तुम्हीन सांगं, मी बूट काढा. डॉक्टरनी पाय काढा. आते आजून काय काढू, शेठ?"

 शेठनी शाल पलंगाच्या पायथ्याशी, चादर सपाट पडली होती तिथे, ठेवली. मी ती उचलून शेठच्या हातात परत दिली. जिभाऊ त्याच उन्हाळ्यात गेले. मी पुन्हा त्या काट्यावर बसलो नाही. पण तोवर फार उशीर झाला होता.